बारा महिने, बारा सूर आणि उरलेला आठवडा

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझी फाइल काल रात्री ऐकली आणि आज सकाळी चहाच्या आधी पुन्हा. सप्तकाचे 365 भाग, एक दिवस म्हणजे एक पायरी, आणि दर महिन्याच्या एक तारखेला एक सूर. कल्पना आवडली. पंचम, म्हणजे प, नाही आवडला. आवडला नाही म्हणजे चुकला असं नाही, पण तो तसा का लागतो हे तुला माहीत हवं. चिठ्ठीत तू लिहिलं आहेस की 365 हा निसर्गाचा आकडा आहे, त्यामुळे सूर आपोआप जुळतील. आपोआप काही जुळत नाही गं. पन्नास वर्षं पेटीचे सूर, म्हणजे आतल्या पितळी जिभा, घासतोय, एकही आपोआप जुळलेला सापडला नाही.

कागद-पेन्सिल घे. सेंट म्हणजे दोन सुरांमधलं अंतर मोजायचं माप. सप्तकाचे 1200 सेंट, म्हणजे तुझा एक दिवस 3.29 सेंटचा. 31 दिवसांचा महिना 101.9, 30 दिवसांचा 98.6 आणि बिचारा फेब्रुवारी 92. बाजारच्या पेटीत प्रत्येक पट्टीचं अंतर 100. तेव्हा तुझे महिने पेटीपासून फार लांब नाहीत. 1 जानेवारीला षड्ज, म्हणजे सा, धरलास की पंचम येतो 1 ऑगस्टला, 212 दिवसांनी, म्हणजे 697 सेंटवर. तानपुऱ्याच्या तारा जुळल्या की पंचम बसतो 702 वर. षड्ज सेकंदाला 240 कंपनांचा धरला तर खरा पंचम 360 आणि तुझा 359 ला जेमतेम टेकलेला. फरक एका कंपनाचा, पण षड्ज आणि तुझा पंचम एकदम दाबून भाता हलव, आवाज सेकंदाला दोनदा लाटेसारखा चढता-उतरता ऐकू येईल. नेहमीच्या पेटीतही लाट असते, पण सेकंदाला एकसुद्धा भरत नाही.

आता गंमत बघ. शुद्ध पंचम तुझ्या कॅलेंडरात कुठे पडतो? 2 ऑगस्टला, दुपारी बारा वाजून गेल्यावर थोड्याच वेळात. 213वी पायरी त्याच्या खाली, 214वी वर, आणि तो बरोब्बर मधोमध. निसर्गाच्या आकड्याने पंचमालाच दार लावून घेतलं!

गांधार, म्हणजे ग, मात्र तुझा पेटीपेक्षा गोड आहे. तू तो 1 मेला ठेवलास, 394.5 वर. पेटीचा 400, खरा 386. हे फेब्रुवारीचं देणं. जानेवारीने दोन सेंट वर नेलेलं फेब्रुवारी आठ सेंटने खाली ओढतो, आणि 1 मार्चचा रिषभ (रे) पेटीपेक्षा सहा सेंट उतरलेला लागतो. ते कर्ज मग वर्षभर फिटत राहतं, कधी एक पाऊल पुढे, कधी मागे, आणि 31 डिसेंबरच्या रात्री खातं बंद. जुलैला षड्ज धरलास तर पंचम 215 दिवसांचा होतो, तो उलट पाच सेंटने चढा. म्हणजे कुठल्या महिन्याला षड्ज म्हणतेस यावर सगळं बदलतं. मार्चपासून सुरू केलंस तर पंचम 214 दिवसांचा, जवळजवळ सुरेल, पण गांधार पेटीसारखाच कडक. मी असतो तर जानेवारीच ठेवला असता. तुझं तू ठरव.

आणखी एक, कदाचित तुझ्या लक्षात आलं नसेल. लहानपणी मुठीवर महिने मोजायचो, उंचवट्यावर 31, खळगीत 30. पेटीही तीच मूठ आहे. पांढरी चार, म्हणजे सप्तकातली चौथी पांढरी पट्टी, जानेवारी धर, काळी तीन फेब्रुवारी, पांढरी पाच मार्च, काळी चार एप्रिल. पुढे जा. पांढरी सात जुलै, तिला लागूनच पांढरी एक ऑगस्ट, मधे काळी नाही. सगळे 31चे महिने पांढरे, बाकीचे पाच काळे. यामागे काही गूढ नाही, बारात सात सारखे पसरायचे झाले की असंच होतं. तरी मला हे कळलं त्या दिवशी दुकान बंद करून मी पंधरा मिनिटं नुसता पट्ट्यांकडे बघत बसलो होतो.

मूळ मुद्दा वेगळाच आहे. बारा चांद्रमास झाले की 354 दिवस होतात, सूर्याचं वर्ष अकरा दिवस पुढे. बारा पंचम एकावर एक चढवले, म्हणजे दर वेळी मागच्या सुराचा पंचम घेतला, की सात सप्तकं होतात आणि वर साडेतेवीस सेंट उरतात. तुझ्या मापात ते सात दिवस आणि तीन तास, पुरता आठवडा. हे उरलेलं कुठे ठेवायचं, एवढाच प्रश्न पंचांगवाल्यालाही आणि पेटीवाल्यालाही.

आपलं पंचांग ते साठवतं आणि एकदम महिना देतं. एकोणीस वर्षांत साधारण सात धोंड्याचे महिने, जावई खूश. पेटी ते बारा पट्ट्यांत चिमूट चिमूट वाटते, कुणालाच फार टोचत नाही आणि कुणीच पूर्ण सुरात नाही. तरुणपणी मी हे न समजता एका भजनी मंडळाची पेटी काळी एकवर तानपुऱ्यासारखी शुद्ध लावून दिली. पुढच्या एकादशीला बुवांनी पांढरी चार धरली आणि सगळा उरलेला आठवडा त्यांच्या एका पंचमात जमा झाला. पेटी परत आली, पैसेही परत गेले.

महिने आणि सूर मनापासून एकत्र जोडले ते चीनमध्ये. आपल्याकडे मल्हार पावसाचा, बसंत वसंताचा, पण ती रागाची वेळ, सूर लावण्याची रीत नव्हे. तिथे बारा सूर बारा महिन्यांना नेमलेले, आणि राजघराण्यांच्या इतिहासात सूर आणि कॅलेंडर यांचं प्रकरण एकच. इ.स.पूर्व पहिल्या शतकात तिथला संगीतज्ञ जिंग फांग पंचमावर पंचम चढवत 60 सुरांपर्यंत गेला. 53 पंचमांनंतर आपण जवळजवळ पहिल्या सुरावर परत येतो हे त्याने पाहिलं. चूक फक्त 3.6 सेंट, तुझ्या हिशोबाने एक दिवस आणि वर दोन-अडीच तास. पाचव्या शतकात खगोलज्ञ छियान लझीने ते 360 सुरांपर्यंत नेलं, एका दिवसाला एक सूर. तुझ्या आधी दीड हजार वर्षं! वाईट वाटून घेऊ नकोस. आणि 1584 मध्ये सप्तकाचे बारा समान भाग अचूक गणिताने मांडणारा मिंग राजपुत्र जू झाइयू, त्यानेच 1595 मध्ये कॅलेंडर दुरुस्तीचा ग्रंथ बादशहाला सादर केला. दोन्ही कामं एकाच डोक्यात होती, ती का, हे आता तुला सांगायला नको.

पृथ्वीच्या फेरीवरून काढलेल्या 136.1 कंपनांच्या सुराबद्दल विचारलंस. वर्षाची गती 32 सप्तकं वर नेली की तो येतो, काळी एकपेक्षा तीसेक सेंट उतरलेला. षड्ज म्हणून खुशाल घे. पण एका सुराने सप्तक लागत नाही, बाकीचे अकरा तुलाच लावायचे आहेत.

कॉम्प्युटरवर ऐकून थांबू नकोस. रविवारी ये, जुन्या पेटीचं एक सप्तक मी मोकळं करून ठेवलं आहे. सूर टोकाला घासला की चढतो, मुळाशी घासला की उतरतो, आणि घासलेलं पितळ परत येत नाही. षड्जाला हात लावायचा नाही. बाकी अकरापैकी दहा उतरवायचे आहेत, चढवायचा एकच, काळी तीन. तुझा फेब्रुवारी. तिथून सुरू करू.

तुझा,
पेटीवाला काका