गाडी कुठल्याही कंपनीची घ्या, हौदा कोण बसवतोय ते आधी विचारा

दादा, पायाची माती, फोडलेला दगड आणि अधूनमधून वाळू वाहायला टिपर (मागचा हौदा उचलून माल ओतणारा ट्रक) घ्यायचाय, दोन कंपन्यांत मन अडकलंय, त्यातली बेस्ट कुठली, असं तुम्ही विचारलंय. ते ठीक. पण शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, "एक विक्रेता त्याच पैशांत दोन घनमीटर मोठा हौदा देतोय." त्या ओळीवर मी थांबलो. मी नेमका तिथेच बुडालो होतो.

६ बाय ४ की ८ बाय ४, एचपी, टॉर्क, गिअरबॉक्स हे तुम्ही पाहिलंच असेल, त्यात शिरत नाही.

कंपनीचं आधी उरकतो. मोठ्या कंपन्या आता साइटच्या कामासाठी वेगळी मॉडेलंच काढतात. व्होल्वोची एफएमएक्स २०१० मध्ये आली, मर्सिडीजची अ‍ॅरॉक्स २०१३ मध्ये, स्कॅनियाची एक्सटी २०१७ मध्ये. टाटा, अशोक लेलँडचे टिपर तर सगळ्यांनी पाहिलेत. तात्राचं प्रकरण निराळं. तिथे गाडीच्या मधोमध नळीसारखा कणा असतो आणि चाकं सुटी सुटी वरखाली होतात. रस्ताच नाही अशा खडकाळ जागी तिला तोड नाही, पण तुमचं काम तसं दिसत नाही. माझं मत विचाराल तर एकाच वजनाच्या गटातल्या नव्या गाड्यांमध्ये लोक भांडतात तेवढा फरक नसतो. फरक पडतो तो सुटे भाग किती तासांत हातात येतात आणि जवळच्या मेकॅनिकने ते इंजिन याआधी उघडलंय का यावर. आणि हे मालकाला विचारू नका. एवढे पैसे घातलेल्या गाडीला स्वतःहून नावं कोण ठेवील? त्याच्या मेकॅनिकला गाठा.

आता मुद्द्याचं. आपण टिपरला सर्रास "हायवा" म्हणतो. पण हायवा हे मुळात नेदरलँड्सच्या एका, हौदा उचलणारे हायड्रॉलिक जॅक बनवणाऱ्या कंपनीचं नाव, ट्रक ती बनवतच नाही. म्हणजे ज्या नावाने आपण गाडी ओळखतो ते गाडीवाल्याचं नाहीच. पुष्कळदा चासी (गाडीचा खालचा सांगाडा) एकाची, जॅक दुसऱ्याचा, हौदा आणि सबफ्रेम (चासी आणि हौदा यांच्या मधली चौकट) तिसऱ्याची असते. तुम्ही मात्र बॉनेटवरचा बिल्ला बघून "कुठली कंपनी" विचारता. मीही तेच केलं होतं.

माझ्या गाडीची माल वाहायची क्षमता १८ टन. सगळ्यात जड मालाच्या, म्हणजे ओल्या वाळूच्या, हिशेबाने हौदा साडेनऊ घनमीटरच्या आसपास पुरला असता. विक्रेता म्हणाला, त्याच पैशांत १६ चा देतो, खेपा कमी होतील. मी खूश. सुटी कोरडी माती घनमीटरला साधारण १.३ टन धरा, म्हणजे १६ घनमीटरला २०.८ टन, तिथेच क्षमता ओलांडली. फोडलेला दगड १.६ ने धरला तर २५.६ टन. ओली वाळू १.९ ला टेकते, म्हणजे ३० टनांच्या वर! मी ठरवलं होतं की जड माल असला तर हौदा अर्धाच भरायचा. पण पोकलेनवाला काय तुमची क्षमता विचारून बादली टाकतो का? त्याला हौदा रिकामा दिसतो, तो भरतो. ड्रायव्हरही बोलत नाही, कारण खेप भरलेली दिसली की साइटवरचे सगळे खूश.

सातव्या महिन्यात गाडी धुताना ड्रायव्हरला केबिनच्या मागे, सबफ्रेम जिथे सुरू होते नेमकं तिथे, चासीवर केसाएवढी रेघ दिसली. त्याला वाटलं रंग सोललाय. रंग नव्हता, तडा होता.

तडा तिथेच का, हे मला पुढे एका जुन्या मेकॅनिकने समजावलं. चासीचे लांब बीम थोडे वाकावेत, पिळावेत असेच बनवलेले असतात. वर बसणारी सबफ्रेम भार पसरवते. तिचं पुढचं टोक निमुळतं उतरवलेलं हवं आणि पुढच्या बाजूचे जोड थोडे हलते हवेत. माझ्या गाडीत टोक सरळ कापलेलं होतं, जोड सगळे घट्ट आणि, कहर म्हणजे, बीमच्या उभ्या बाजूला नाही, तर आडव्या पट्टीला भोकं पाडलेली. तिथे ताण सगळ्यात जास्त असतो, म्हणून ट्रक कंपन्या बॉडी बांधणाऱ्यांसाठी जे नियम छापतात त्यांत आडव्या पट्टीला भोक पाडू नका असं स्पष्ट असतं. बीमवर मनाला येईल तिथे वेल्डिंगही चालत नाही, त्या पोलादाची ताकद उष्णतेने उतरते. त्यात पुढून उचलणारा जॅक. हौदा उचलायला सुरुवात होते तेव्हा सगळा भार जॅकच्या बुडाशी आणि मागच्या बिजागरीवर, या दोनच ठिकाणी येतो.

मग सुरू झाले हेलपाटे. चासीवाल्यांचं वॉरंटीचं ऑफिस म्हणालं, हौदा आमचा नाही. हौदेवाला म्हणाला, विक्रेत्याने सांगितलं तसं बसवलं. विक्रेता म्हणाला, वॉरंटी वरून ठरते. दर खेपेला नवा माणूस, दर खेपेला पहिल्यापासून गोष्ट सांगा, आणि उत्तर एकच: "फाइल वर पाठवलीय." गाडी उभी, हप्ता चालू.

आणि इथे मी तो मूर्खपणा केला. ऑफिसने विचारलं, गाडी रोज किती चालते, काम कसलं आहे. आपण कसे नियमित आणि सरळ आहोत ते दाखवायला मी सात महिन्यांच्या वजनकाट्याच्या सगळ्या पावत्या फाइल करून, नीट तारखेनुसार लावून, त्यांच्या टेबलावर ठेवल्या. तीन आठवड्यांनी पत्र आलं. "सादर केलेल्या पावत्यांनुसार" गाडी सातत्याने क्षमतेपेक्षा जास्त भरलेली असल्याने दावा नामंजूर. भोकांबद्दल त्या पत्रात एक अक्षर नाही.

खरं सांगतो, वजनाबद्दल ते चूक नव्हते. जास्त भरली ती मीच, हे मान्य. पण हौदा बसवल्यावर ताबा देण्याआधी गाडी त्यांच्याच आवारात तपासली गेली होती, यादीवर त्यांचाच शिक्का होता. भोकं तेव्हाही तिथेच होती ना? हे मी तीनदा लेखी विचारलं. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. शेवटी पदरचे पैसे घालून बीमला पट्ट्या जोडून घेतल्या, सबफ्रेम नवी केली. अडीच महिने गाडी हलली नाही.

म्हणून माझा सल्ला एकांगी आहे, तो तसाच घ्या. दोन कंपन्यांपैकी जी लेखी देईल की "ही चासी, हा हौदा, ही सबफ्रेम एकत्र आम्हाला मंजूर आहे", तिची गाडी घ्या. बिल्ला कुठलाही असो. कारखान्यातून हौद्यासकट येणारी गाडी मिळत असेल तर थोडी महाग पडली तरी मी तीच घेईन. आणि हौद्याचं माप तुमच्या सगळ्यात जड मालावरून काढा, हलक्यावरून नाही. मोठा हौदा फुकट मिळतोय, तो नाकारा. विक्रेता हसेल, हसू द्या. मी इंजिनिअर नाही, वॉरंटीच्या अटी कंपनीगणिक बदलतात, तेव्हा सही करण्याआधी बारीक अक्षरं जाणकाराकडून वाचून घ्या.

बाकी सुटंसुटं, सुचेल तसं. चिखल आणि चढ जास्त असतील तर हब रिडक्शनचे अ‍ॅक्सल बघा. गिअरची शेवटची घट चाकाच्या हबमध्ये होते, त्यामुळे डिफरन्शियल आणि शाफ्टवर ताण कमी पडतो. रस्त्यावरच्या लांब खेपा जास्त असतील तर त्यांची गरज नाही, डिझेल थोडं जास्त खातात. दगड वाहायचा असेल तर हौद्याच्या तळाचा पत्रा कुठल्या पोलादाचा ते विचारा, जाडी विचारून भागत नाही. सर्व्हिस नुसत्या किलोमीटरवर मोजू नका. टिपरचं इंजिन उभ्या उभ्याही पुष्कळ चालतं, तासांचा हिशेब ठेवा. ड्रायव्हरला रोज बजावा: गाडी आडवी कललेली असताना हौदा उचलायचा नाही. ओली चिकट माती पुढच्या टोकाला चिकटून राहिली की भार उंचावर राहतो आणि गाडी कुशीवर जाते. वर विजेच्या तारा बघायच्या. हौदा खाली बसल्याशिवाय आणि पीटीओ (इंजिनची ताकद जॅकच्या पंपाला देणारी जोडणी) काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आणि उचललेल्या हौद्याखाली टेका लावल्याशिवाय कुणी, अगदी मेकॅनिकनेसुद्धा, डोकं घालायचं नाही. जॅकवर भरवसा ठेवून माणसं गेलीत.

तुमच्या कोटेशनमध्ये सबफ्रेम कोण बांधणार हे लिहिलंय का ते बघा. लिहिलं नसेल तर अजून टोकन देऊ नका. आणि माती, दगड, वाळू यांचं प्रमाण साधारण किती आणि गाडीची क्षमता किती टन ते इथे टाका, हौद्याचं माप काढून देतो.