रातांबे, आवळे आणि अकरावीचं गणित

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. आवळा, जांभूळ, करवंदं, रातांबे यांच्या रसाचे फेसपॅक आणि क्रीम घरी करते. ओळखीतले लोक विकतही घेतात. आता गणित सोडून तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करायचा आणि स्वतःचा ब्रँड काढायचा, असं म्हणते. तिच्या बाबांना ती बी. फार्म.लाच जायला हवी आहे. काय करावं?
– एक आई, सावंतवाडी

ताई, नमस्कार.

गणित सोडू देऊ नका. बी. फार्म.ला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालतं. पण माटुंग्याच्या आयसीटीमध्ये (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) तेलं आणि सरफॅक्टंट (साबण-शाम्पूतली मळ काढणारी द्रव्यं) या विषयात बी. टेक. करायचं मनात आलं, तर गणित लागतंच. झेपत असेल तर दोन्ही विषय ठेवावेत.

मुलीची आवड खरी आहे, फक्त त्या कामाची अवघड बाजू तिने अजून पाहिलेली दिसत नाही. फळाचा रस क्रीममध्ये घातला की अर्क झाला, असं नसतं. तिला एक प्रयोग करायला सांगा. जांभळाचा रस तीन बाटल्यांत भरायचा. एकीत चिमूटभर खायचा सोडा टाकायचा, दुसरी उन्हाच्या खिडकीत ठेवायची, तिसरी फ्रिजमध्ये. सोड्याने जांभळा रंग लगेच निळसर-हिरवट होईल, उन्हातला हळूहळू विटेल. हा रंग अँथोसायनिन नावाच्या, फळातल्याच रंगद्रव्याचा. त्याला आम्लता बदललेली चालत नाही, ऊन आणि उष्णताही सोसत नाही. आवळ्यातलं क जीवनसत्त्वही असंच नाजूक असतं. शिवाय पाणी आणि फळाचा अंश असलेल्या क्रीमला योग्य प्रिझर्व्हेटिव्ह नसेल, तर त्यात बुरशी आणि जंतू वाढतात, आणि डबी वरून चांगली दिसत असतानाही वाढलेले असू शकतात. फळाचा गुण टिकवायचा आणि लावणाऱ्याच्या त्वचेला अपाय होऊ द्यायचा नाही, हेच या क्षेत्रातलं खरं काम. ते तीन महिन्यांत हाती येत नाही.

प्रयोगानंतर ती ‘असं का झालं?’ म्हणत पुस्तकं उघडून बसली, तर ती या कामासाठीच आहे असं समजा. नुसता डबीचा रंग आणि लेबल ठरवण्यात रमली, तर तिचा ओढा विक्रीकडे आहे. त्यातही कमीपणा काही नाही, रस्ता तेवढा वेगळा.

बाबांचा बी. फार्म.चा आग्रह मला चुकीचा वाटत नाही. औषधनिर्मिती, गुणवत्ता तपासणी आणि सौंदर्यप्रसाधनं अशा तिन्ही वाटा त्यातून निघतात. नागपूरच्या एलएडी महिला महाविद्यालयात कॉस्मेटिक टेक्नॉलॉजी हाच विषय शिकवला जातो, त्याचीही चौकशी करा. घरापासून लांब आहे खरं, पण तिच्या आवडीच्या सगळ्यात जवळचा अभ्यासक्रम तोच. ऑनलाइन कोर्स सुट्टीत जोडीला करू दे.

विक्री मात्र आज थांबवा. सौंदर्यप्रसाधनं विकण्यासाठी बनवायची तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, घरगुती असली तरी. ‘वांग जातात’ असं लेबलवर लिहिलं, तर तो उपचाराचा दावा होतो, क्रीमला तो करता येत नाही. नैसर्गिक वस्तूनेही चेहरा भाजल्यासारखा लाल होऊ शकतो. एखाद्या शेजारणीला तसं झालं, तर तिच्यापुढे उभं राहायची वेळ सतरा वर्षांच्या मुलीवर येईल, आणि तशी वेळ यायला नको असं मला वाटतं.

तोवर तिने हातात घ्यावं असं फळ तुमच्याच परसात आहे. रातांब्याच्या सालीची आमसुलं होतात, उरलेल्या बिया पुष्कळ घरी टाकून देतात. पूर्वी त्याच बिया कुटून पाण्यात उकळायचे आणि वर आलेली चरबी काढून तिचे मुठीएवढे गोळे वळायचे. टाचांच्या भेगांना लावायचं ते हेच मुठेल. आज ‘कोकम बटर’ म्हणून लिप बाम आणि क्रीममध्ये ते मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं. रसासारखी त्यात पाण्याची कटकट नाही, म्हणून शिकणाऱ्याला सोपं. मे महिन्यात तिला आमसुलं करणाऱ्या एखाद्या घरी पाठवा. बिया किती निघतात, त्यांचं पुढे काय होतं, किलोभर बियांतून मुठेल किती येतं, हे तिने स्वतः वजन करून वहीत लिहावं.