मेलबर्नमध्ये लाल पी पाटीवर बाबांची टर्बो गाडी चालवता येईल का?

तुमच्या 19 वर्षांच्या मुलाबद्दल विचारलंय, त्याच्याकडे लाल पी पाटी (म्हणजे नव्या चालकाच्या तात्पुरत्या परवान्याचा पहिला टप्पा) आहे, तर नुसतं 'टर्बो' हे नाव बघून घाबरू नका. व्हिक्टोरिया राज्यात (मेलबर्न तिथलंच) 1 जानेवारी 2010 पासून बनलेल्या गाड्यांसाठी ताकद आणि वजनाचं गुणोत्तर पाहतात. ते टनामागे 130 किलोवॉटच्या वर गेलं, किंवा ताकद वाढवायला इंजिनात फेरफार केला असेल, तर ती गाडी पी पाटीवाल्याला बंद. हिशेब सोपा आहे. 110 किलोवॉट आणि रिकामं वजन 1400 किलो, म्हणजे साधारण 79, बिनधास्त द्या. 220 किलोवॉट आणि 1500 किलो म्हणजे 147 च्या आसपास. चावी देऊच नका. इलेक्ट्रिक गाडी घरची, शांत वाटते, पण तिचा आकडा जरूर काढा, कित्येक मॉडेल या रेषेपलीकडे जातात. 2010 च्या आधीच्या गाड्यांचे निकष वेगळे आहेत, तिथे सिलिंडर आणि टर्बोही मोजतात. व्हिकरोड्सच्या (राज्यातले परवाने आणि वाहन नोंदणी पाहणारी संस्था) साइटवर गाडीची माहिती टाकून खात्री करा.

आणि हिरवी पाटी (लालनंतरचा टप्पा) आली की सुटलो, असं नाही. लाल एक वर्ष, हिरवी तीन, बंधन चारही वर्षं राहतं.