मोती गेल्यानंतरचा आकाशकंदील

तुमचा कुत्रा मोती जाऊन महिनाही झालेला नसताना यंदा मुलांबरोबर घरी आकाशकंदील करावा की नाही, असे तुम्ही विचारले आहे. जरूर करावा, मात्र मोतीचा विषय टाळून नव्हे. आमची राणी 14 वर्षांची होऊन गेली, तेव्हा मुले शाळेत असताना मी तिचा पट्टा आणि वाटी उचलून ठेवली; ती चूक मला आजही बोचते, कारण धाकटी कितीतरी दिवस ती वाटी शोधत राहिली.

पहिलाच कंदील असल्याने तो साधा चौकोनी करा. बांबूच्या 30 सेंटिमीटर लांबीच्या 12 कामट्या पुरतात. त्यांची कुसळे बोटांत जातात, म्हणून त्या आधी पॉलिशपेपरने घासून घ्याव्यात आणि सगळे सांधे दोऱ्याने घट्ट बांधल्यावरच पतंगी कागद हाती घ्यावा. मैद्याची खळ फक्त कडांना आणि बेताने लावा, कारण जास्त ओल लागली की हा कागद फाटतो. वरची व खालची बाजू उघडी ठेवून आत मेणबत्तीऐवजी एलईडी बल्ब लावा.

एका बाजूला मुलांनी काळ्या कागदातून कापलेली मोतीची आकृती आतून चिकटवू द्या; दिवा लागला की ती स्पष्ट उमटते. कापताना कोणी रडले, तर काम बाजूला ठेवून त्याला जवळ घ्या. ‘तो झोपला आहे’ असे लहानग्यांना सांगू नका, त्यांना झोपेचीच भीती बसू शकते. तो मेला, आता परत येणार नाही, हे मायेने पण सरळ सांगा. आकृतीचे कान वाकडे झाले, तरी मोठ्यांनी ते सुधारू नयेत.