न्यूझीलंडात पहिल्यांदा मोटरहोम चालवताना

वडोदऱ्याहून मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, पहिल्या खेपेला न्यूझीलंड निवडलंत हे उत्तम केलंत. तिथेही आपल्यासारखं डावीकडूनच चालवायचं. इंग्रजीतला परवाना चालतो, तरी वडोदऱ्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून ठेवा. त्याची मुदत १ वर्ष.

वडोदऱ्यातल्या दांडिया बाजाराच्या गर्दीत गाडी काढणाऱ्याला रुंदीची भीती नाही. नवखे चुकतात ते उंचीत. मोटरहोमची उंची बहुधा ३ मीटरच्या आसपास किंवा वरच असते. नेमका आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. वरची फांदी, पत्र्याची कड काचेतून दिसतच नाही. मागे घेताना एकाने खाली उतरायचंच.

निघताना, दर वेळी:
- गॅस सिलिंडर बंद
- विजेची केबल काढून आत
- पायरी, खिडक्या, छताची झडप बंद
- कपाटांच्या खिट्ट्या लागलेल्या

समुद्राकाठी पोचलात की वाळूवर किंवा ओल्या गवतावर चाक घालू नका. एवढ्या वजनाची गाडी. चाक जागच्या जागी फिरलं की आणखीच रुततं. मुक्कामी वीज घेताना रिळावरची केबल पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते. संडासाची टाकी फक्त डम्प स्टेशनवर, म्हणजे ती घाण टाकायच्या ठरलेल्या जागी, रिकामी करायची. दिवसाला २०० किलोमीटर पुरेत, उजेडात पोचा. सोलर, जादा बॅटरी वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका.