घटपर्णीला पानं येतात, पण घट धरत नाहीत. काचेची पेटी घ्यावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: चार महिन्यांपूर्वी नेपेन्थिस, म्हणजे घटपर्णी, आणलीत. तेव्हा तिला सहा-सात घट होते, ते एकेक करून वाळले. रोप मेलेलं नाही, नवी पानंही येतायत, पण पानाच्या टोकाची शेपटी काळी पडून सुकते. रोप हॉलमध्ये टीपॉयवर आहे आणि तुम्ही दिवसातून तीनदा पाणी फवारता. आता काचेची पेटी आणि ह्युमिडिफायर घ्यायचा विचार चाललाय आणि आर्द्रता किती ठेवायची ते हवंय.

आकडा सांगतो, पण पेटीची खरेदी थोडी थांबवा. मला वाटतं तुमच्या रोपाला हवा कोरडी पडत नाहीये, त्याला उजेड पुरत नाहीये.

आपण ज्याला घट म्हणतो तो फळही नाही आणि फूलही नाही, किडे पकडायला पेल्यासारखं झालेलं पानाचंच टोक आहे ते. आणि झाडाच्या दृष्टीने ती महागडी चैन आहे. पानाचा सपाट भाग ऊन खाऊन साखर करतो; घट त्या मानाने फारच थोडी करतो, उलट तो घडवायला आणि त्यात रस भरायला झाडाची शिल्लक खर्च होते. कमाई पुरेशी असेल तरच झाड हा खर्च काढतं. उजेड कमी पडला की पानं येत राहतात, लांब, मऊ आणि गडद हिरवी, पण घटाचं काम मध्येच सोडून दिलं जातं. तुमच्या काळ्या टोकांचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

टीपॉयवर भरपूर उजेड आहे असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. डोळा इथे साफ फसवतो, कारण बाहुली लहानमोठी होऊन सगळं सारखंच भासवते. फोनमध्ये लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजणारं एखादं ॲप टाका आणि घरभर फिरा. भर उन्हात आकडा लाखाच्या घरात जातो, बाहेर झाडाच्या सावलीत दहा हजारांच्या आसपास, आणि हॉलच्या मधोमध दोनशे-तीनशे. फोनचं मोजमाप काटेकोर नसतं, पण दहा हजार आणि तीनशे यांतला फरक कळायला तेवढं पुरतं. खिडकीपासून दोन-तीन पावलं मागे सरलात तरी उजेड किती झपाट्याने पडतो हे एकदा बघितलंत, की ते रोप तुम्ही स्वतःच उचलून काचेशी नेऊन ठेवाल.

पूर्वेची खिडकी असेल तर उत्तम. सकाळचं कोवळं ऊन त्याला चालतं. दुपारचं तिरीप ऊन पडत असेल तर मध्ये पातळ पडदा हवा. खिडकीच नसेल तर पांढरा एलईडी ग्रो लाइट घ्या. जांभळट-गुलाबी दिव्याची गरज नाही, त्याखाली झाड वाढतं पण पानाचा खरा रंग दिसत नाही आणि दुखणं लवकर ओळखू येत नाही. पाच-साडेसहा हजार केल्विनचा (हे दिव्याच्या रंगाचं माप) पांढरा दिवा, रोपाच्या वर वीत-दीड वीत अंतरावर, रोज बारा ते चौदा तास. टायमर लावाच. माणूस दिवा लावायला विसरतो, टायमर विसरत नाही. पानाच्या उंचीवर आठ-दहा हजार लक्स मिळाले की झालं. पुरेसा उजेड मिळाला की नवी पानं आखूड, ताठ आणि किंचित पिवळसर हिरवी येतात, बऱ्याच जातींत त्यांवर तांबूस झाकही येते. ती झाक बघून घाबरू नका. पानावर कोरडे, तपकिरी, भाजल्यासारखे डाग दिसले तरच दिवा थोडा वर घ्या.

आता पाणी. यात मी माती खाल्ली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. ही झाडं मुळातच क्षार आणि पोषण जवळजवळ नसलेल्या जागी वाढतात. किडे पकडायची वेळ त्यांच्यावर त्यामुळेच आली. नळाच्या पाण्यातले क्षार कुंडीत साठत जातात आणि मुळं हळूहळू जळतात. पावसाचं, डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी द्या. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, पन्नासच्या आत असेल तर छान, शंभरपर्यंत चालून जातं. मी फुशारकीने सगळ्यांना सांगायचो की माझं झाड आरओच्या पाण्यावर आहे. खरं तर वाया जाणारं पाणी कशाला फुकट घालवा, म्हणून आरओच्या बाहेर टाकायच्या नळीखाली बादली लावून तेच घालत होतो. म्हणजे नळाच्या पाण्यातून गाळून काढलेले सगळे क्षार, तेही आटवून! पाच महिन्यांनी पानांच्या कडा करपल्या आणि कुंडीतल्या मॉसवर, म्हणजे शेवाळावर, पांढरा थर दिसला तेव्हा टीडीएस मीटर आणला. सहाशे चाळीस. तुमच्याकडे आरओ असेल तर प्यायच्या नळाचंच पाणी घ्या, आणि तेही मीटरने एकदा तपासा, कारण चवीसाठी काही यंत्रं त्यात क्षार परत मिसळतात.

कुंडी ओलसर असावी, चिखल नको. खाली ताटलीत पाणी भरून ठेवायचा सल्ला तुम्ही कुठेतरी वाचला असेल. तो सॅरासेनियासाठी असतो. तीही कीटकभक्षी, तिचाही घटच, पण ती उत्तर अमेरिकेतल्या दलदलीतली आणि तिला हिवाळ्यात विश्रांती लागते. नेपेन्थिसची मुळं बारीक, काळी आणि ठिसूळ असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. वरून पाणी घाला, खालून निथळू द्या, वरचा थर किंचित सुकायला लागला की पुन्हा घाला. लांब तंतूंचं स्फॅग्नम मॉस आणि पर्लाइट (हलके पांढरे खडे) निम्मं-निम्मं, ही मला सर्वांत निर्धोक वाटलेली जोडी. ऑर्किडसाठी मिळते ती झाडाची साल थोडी मिसळली तरी चालते. बागेची माती, शेणखत, गांडूळखत यांतलं काहीच नको. कोकोपीट वापरायचंच असेल तर ते अनेकदा धुऊन घ्या, त्यात मीठ असू शकतं. आणि हो, फोटो न बघता एक अंदाज करतो: तुमचं रोप अजून त्याच लहान प्लास्टिकच्या कुंडीत असेल आणि ती वर शोभेच्या बिनभोकाच्या कुंडीत ठेवलेली असेल. ती बाहेरची कुंडी उचला आणि तळाशी पाणी साचलंय का बघा.

तापमानाचं उत्तर मात्र जातीवर अवलंबून आहे. नेपेन्थिसच्या दीडशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांचे ढोबळ दोन गट पडतात, सखल भागातल्या आणि डोंगरावरच्या. बोर्निओच्या सखल जंगलातल्या ॲम्पुलेरिया, राफ्लेसियाना, बायकॅल्करेटा यांना दिवसा तीस आणि रात्री बावीस-तेवीस अंश लागतात. त्याच बेटावर किनाबालू डोंगरात दीड हजार मीटरच्या वर वाढणारी ‘राजा’ नावाची जात मात्र रात्री बारा-पंधरा अंशांपर्यंत गारवा मागते. तो मिळाला नाही तर ती लगेच मरत नाही, महिनोन्‌महिने कुढत राहते. उष्ण रात्री अशा झाडांचा श्वसनाचा खर्च वाढतो आणि दिवसाची कमाई रात्रीतच उडून जाते. म्हणून फोटोवर भुलून डोंगरी जात आणू नका. बर्फाच्या बाटल्या रोज रात्री पेटीत ठेवणारे लोक आहेत. मी एक उन्हाळा ते केलं आणि नंतर ते रोप गार हवेतल्या मित्राला देऊन टाकलं.

नाव माहीत नसलेलं, सहज मिळालेलं रोप बहुधा व्हेंट्राटा नावाचा संकर असतो. तो गुणी आहे. दिवसा पंचवीस-तीस, रात्री चार-पाच अंश कमी, एवढ्यावर तो खूश. मेघालयातली खासियाना हीसुद्धा अशीच सोशिक. भारतात निसर्गतः आढळणारी नेपेन्थिसची ही एकमेव जात, आणि राजाप्रमाणेच तीही साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे जंगलातून काढलेल्या रोपांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी. घ्यायची झाली तर टिश्यू कल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं, किंवा बियांपासून केलेलं रोप आहे याची खात्री करून घ्या.

आता तुमचा आर्द्रतेचा आकडा. साठ ते ऐंशी टक्के आदर्श. व्हेंट्राटासारखा संकर पन्नासवरही घट धरतो, चाळीसच्या खाली रेंगाळलात तर मात्र अडचण येते. अंदाजाने बोलू नका, आर्द्रता मोजणारा साधा हायग्रोमीटर रोपाच्या शेजारी ठेवून दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ आकडे लिहा. एसी चालू असताना वेगळे लिहा. फवारणीचं म्हणाल तर ती तुमच्या समाधानासाठी आहे. पान ओलं होतं, आकडा काही मिनिटं वर जातो आणि तुम्ही पाठ फिरवेपर्यंत जागेवर येतो. खड्यांची ताटली थोडी मदत करते, दोन-चार झाडं एकमेकांजवळ ठेवल्याने त्याहून बरी होते. ह्युमिडिफायर घेतलात तर त्यातही क्षार नसलेलंच पाणी घाला, नाहीतर अल्ट्रासॉनिक यंत्र तेच क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपात पानांवर आणि टीव्हीवर पसरवतं. बाथरूममध्ये ठेवा असं सांगणारेही भेटतील. तिथे ओल आहे, उजेड नाही. मुक्काम बदलेल, दुखणं तेच राहील.

पेटी खरोखर कधी लागते? मोजून आर्द्रता चाळीसच्या आत निघाली, किंवा रोप अगदी लहान, टिश्यू कल्चरमधून नुकतंच आलेलं असेल तर. तेव्हासुद्धा जुना मत्स्यपेटीचा काचेचा डबा पुरतो. वरची काच दोन बोटं उघडी ठेवा आणि कॉम्प्युटरमधला छोटा पंखा आत मंद फिरू द्या, कारण ओलसर आणि कोंदट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कोंदट हवेत बुरशी धरते. उजेड दिव्याचाच हवा. माझी पहिली पेटी मी खिडकीत ठेवली होती, झाकण घट्ट लावून. सुट्टीचा दिवस होता, सकाळी काचेवर दव बघून मला फार भारी वाटलं. अकराला बाहेर गेलो, दीडला आलो तेव्हा आतला थर्मामीटर ४७ दाखवत होता आणि पानं उकडलेल्या पालेभाजीसारखी लोंबत होती. बंद काच ऊन आत घेते आणि उष्णता बाहेर सोडत नाही हे शाळेत शिकलो होतो, आठवलं नाही एवढंच.

खाऊ घालण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. घटात मांसाचे तुकडे टाकू नका. इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी १८७४ साली उकडलेलं अंडं आणि कच्चं मांस घटांत घालून पचन होतं हे दाखवलं खरं, पण ते प्रयोगासाठी; आपल्या घरात त्याचा वास सुटतो आणि घट सडतो. महिन्यातून एकदा, एखाद्या घटात, माशांच्या खाद्यातले दोन-चार सुके ब्लडवर्म पुरेत. घटातला रस ओतून टाकू नका. आणताना तो सांडला असेल तर पाव घट भरेल इतकंच डिस्टिल्ड पाणी घाला. आणि जुने घट वाळतात ते वयाने, काही महिन्यांनी, वरून खाली. त्याचा दोष स्वतःला देऊ नका. पूर्ण तपकिरी झाले की कात्रीने कापा, पान राहू द्या, ते अजून कमावतंय.

रोप काचेशी नेलंत किंवा दिवा लावलात की बाकी काही बदलू नका. एका आठवड्यात जागा, माती, पाणी सगळं बदललं तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. आत्ता काळी पडलेली टोकं पुन्हा जिवंत होणार नाहीत, आणि सध्या अर्धवट उलगडलेलं पानही बहुधा रिकामंच जाईल. लक्ष ठेवायचं ते त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर. ताण्याच्या, म्हणजे पानाच्या त्या शेपटीच्या, टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी, तांबूस लव असलेली, खाली मान घातलेली गाठ दिसेल. ती बरेच दिवस तशीच राहील. बोटांनी चाचपू नका, मी दोन तशाच घालवल्यात. मग ती गळासारखी वर वळेल, इस्त्री केलेल्या पिशवीसारखी चपटी वाढेल, आणि मग आतून फुगायला लागेल. झाकण तेव्हा घट्ट मिटलेलं असतं, आणि उजेडासमोर धरून बघितलंत तर आत रसाची रेघ दिसते. झाकण सुटल्यावर तोंडाची कडा बाहेर वळते आणि तिच्यावर रंग चढायला आणखी काही दिवस जातात. या सगळ्याला दीड-दोन महिने धरा.

लक्सचा आकडा, हायग्रोमीटरचा आकडा आणि तळाशी पाणी साचलं होतं का, एवढं कळवा. आर्द्रता खरंच कमी निघाली तर पेटीचं माप सांगतो.