सापांच्या शास्त्रीय नावांचे अर्थ

प्रश्न : सापांची लॅटिन नावे अर्थपूर्ण असतात, की केवळ ओळखीच्या खुणा?

उत्तर : बहुतेक नावांना अर्थ असतो, मात्र सर्वच मुळात लॅटिन नसतात. नागाचे ‘नाजा नाजा’ हे नाव आपल्याच ‘नाग’ शब्दाचे लॅटिन वळण आहे. नागराजाच्या नावातील ‘ओफिओफॅगस’ म्हणजे ग्रीक भाषेत सर्पभक्षक, आणि तो खरोखरच प्रामुख्याने इतर साप खातो. मला सर्वांत सुंदर वाटते ते फुरशाचे ‘एकिस कॅरिनेटस’ हे नाव : ‘एकिस’ हा विषारी सापासाठीचा ग्रीक शब्द, तर ‘कॅरिना’ म्हणजे नौकेच्या तळाचा कणा, फुरशाच्या खवल्यांवर तशाच उभ्या धारा असतात आणि डिवचल्यावर ते वेटोळी एकमेकांवर घासते, तेव्हा या धारांमुळेच करवतीसारखा आवाज होतो, म्हणजे या एका विशेषणात त्याची सारी ओळख सामावली आहे. मण्यारीच्या नावातील ‘सेरुलियस’ म्हणजे निळा, जो तिच्या काळ्या अंगावरील निळसर झाक दर्शवतो. घोणसीच्या नावातील ‘रसेली’ मात्र वर्णन नव्हे. सापांवर मोलाचे संशोधन करणारे पॅट्रिक रसेल यांच्या सन्मानार्थ ते दिले आहे.